धोलेऱ्यात २८ नॅनोमीटरच का? चिपचा हिशेब, वेफरपासून

बडोद्याहून वासद, तारापूर, वटामण असं गेलं की पुढे धोलेरा लागतं. तिथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी मिळून चिप बनवण्याचा कारखाना उभारत आहेत. गुंतवणूक ९१,००० कोटी रुपये, क्षमता महिन्याला ५०,००० वेफर (चिप्स ज्यावर घडवतात त्या चकत्या), आणि प्रक्रिया २८, ४०, ५५, ९० व ११० नॅनोमीटरच्या. केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ फेब्रुवारी २०२४ रोजी याला मंजुरी दिली. तेव्हापासून बडोद्यातल्या मराठी घरांत, विशेषतः ज्यांचं पोरगं कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्स शिकतंय त्या घरांत, एक प्रश्न हटकून निघतो. आमच्या शेजारचे नाना तो सगळ्यांत रोखठोक विचारतात: "अरे, तैवानवाले २ नॅनोमीटरवर पोचले आणि आपण २८ करणार? म्हणजे जुनुंच ना?"

नानांचा आकडा बरोबर आहे. टीएसएमसी या तैवानच्याच दुसऱ्या, मोठ्या कंपनीनं २०२५ च्या अखेरीस २ नॅनोमीटरचं उत्पादन सुरू केलं, आणि २८ नॅनोमीटर त्यांनीच २०११ मध्ये बाजारात आणलं होतं. पण 'जुनुं' म्हणताना नाना एक गोष्ट धरून चालतात, की आकडा लहान झाला की चिप चांगलीही होते आणि स्वस्तही. कित्येक दशकं तसं होतंही. साधारण २८ नॅनोमीटरनंतर त्यातला 'स्वस्त' गळायला लागला.

आधी त्या आकड्याचं एवढंच सांगतो की तो आता माप राहिलेला नाही, नाव आहे. ३ नॅनोमीटर म्हणवणाऱ्या प्रक्रियेत शेजारशेजारच्या दोन गेटमधलं (ट्रान्झिस्टर या चिपमधल्या इवल्या स्विचचा चालू-बंद करणारा भाग म्हणजे गेट) अंतर प्रत्यक्षात ४५ ते ४८ नॅनोमीटर असतं. त्यामुळे २८ ला २ नं भागून "आपण चौदा पट मागे" असं म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचा प्रश्न असा, की चालणारी एक चिप केवढ्याला पडली?

ताट, वड्या आणि खडे

चिप एकेक करून बनत नाही. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो चिप्स एकदम घडवतात आणि शेवटी कापून सुट्या करतात. कारखान्याचा जवळजवळ सगळा खर्च वेफरमागे होतो. त्यावर चिप्स किती, त्यातल्या चालणार किती, याच्याशी यंत्रांना देणंघेणं नसतं. वेफर आत गेला की तेवढाच वेळ, तेवढीच रसायनं, तेवढीच वीज.

आता खोबऱ्याच्या वड्या डोळ्यांपुढे आणा. गोल ताटात थापून चौकोनी कापल्या की कडेचे तुकडे वेडेवाकडे निघतात. ते पाहुण्यांपुढे ठेवता येत नाहीत. समजा मिश्रणात दहा बारीक खडेही गेलेत. वड्या लहान पाडल्या तर फार तर दहा वड्या वाया. ताटाचे सहाच मोठे तुकडे केले तर धड तुकडा एखादाच उरला तर उरला. ताट तेच, खडे तेवढेच, फरक फक्त तुकड्याच्या आकाराचा.

चिपमधले खडे म्हणजे धुळीचा कण, नीट न उमटलेली रेघ, अर्धवट भरलेलं छिद्र. एका चौरस सेंटिमीटरवर चिप मारणारे असे दोष सरासरी किती, याला दोष-घनता म्हणतात. आणि एकूण चिप्सपैकी किती टक्के चालतात, ते यील्ड. दोष वेफरवर कसेही विखुरलेले असतात, म्हणून गणित थोडं मजेशीर होतं. एका चिपमागे सरासरी एक दोष पडत असेल तर सगळ्याच चिप्स मरत नाहीत. काहींवर दोन-तीन पडतात, काहींवर एकही नाही, आणि सुमारे ३७ टक्के चिप्स स्वच्छ निघतात. सरासरी दोन दोषांवर हे प्रमाण साडेतेरा टक्क्यांवर येतं, चारांवर दोन टक्क्यांच्याही खाली. उतार सरळ नाही, कोसळता आहे.

आकडे घालून बघू. दोष-घनता ०.१ धरतो, मुरलेल्या प्रक्रियेत ती साधारण एवढी असते, आणि टीएसएमसीनं आपल्या ७ व ५ नॅनोमीटरच्या प्रक्रियांसाठी याच पातळीचे आकडे जाहीर केले आहेत. ५ नॅनोमीटरच्या एका वेफरचा भाव १७,००० डॉलर धरतो. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या सीएसईटी या अभ्यासगटानं २०२० मध्ये केलेला अंदाज जवळपास तेवढाच होता.

१०० चौरस मिलिमीटरची चिप, म्हणजे मोबाइलच्या मुख्य प्रोसेसरएवढी, कडेचं नुकसान वजा जाता एका वेफरवर सुमारे ६४० बसते. ९० टक्के यील्डनं ५८० चालतात. एक पडली २९ डॉलरला. आता ८०० चौरस मिलिमीटरची चिप घ्या, एआयच्या मोठ्या प्रोसेसरएवढी. ती वेफरवर जेमतेम ६४ बसते, यील्ड ४५ टक्के, हाती येतात २९. एक पडली ५८६ डॉलरला. क्षेत्रफळ आठपट झालं, किंमत वीसपट झाली.

हे झालं मुरलेल्या प्रक्रियेचं. प्रक्रिया नवी आहे आणि दोष-घनता ०.५ आहे असं समजा. लहान चिपचं यील्ड ६० टक्क्यांवर येतं आणि किंमत ४४ डॉलर होते. महाग, पण धंदा होऊ शकतो. मोठ्या चिपचं यील्ड मात्र २ टक्क्यांच्या खाली जातं. अख्ख्या वेफरमागे एक चालली तर नशीब. ती एकटी चौदा-पंधरा हजार डॉलरला पडेल. कोणत्याही नव्या प्रक्रियेवर सर्वांत आधी मोबाइलची चिप का येते, याचं उत्तर इथे आहे. ५ नॅनोमीटरवर २०२० मध्ये अॅपलची ए१४ आली ती ८८ चौरस मिलिमीटरची. त्याच घराण्याच्या प्रक्रियेवर एन्व्हिडियाची ८१४ चौरस मिलिमीटरची एच१०० यायला २०२२ उजाडलं. दोन वर्षांत कोणीतरी खडे वेचले होते, आणि त्या वेचणीचा खर्च मोबाइल विकत घेणाऱ्यांनी भरला होता.

सदोष चिप टाकूनच द्यावी लागते असंही नाही. एच१०० च्या डायवर, म्हणजे वेफरमधून कापलेल्या तुकड्यावर, गणना करणारे १४४ एकक कोरलेले असतात, विकताना त्यातले १३२ चालू ठेवतात. दोष त्या बंद ठेवलेल्या बारांत पडला तर चिप वाचली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये आठ सहायक गाभ्यांपैकी (कोअर) सातच चालू असायचे, कारण हेच. शिवाय काही चिप्स चालतात पण हळू चालतात, किंवा वीज जास्त खातात. त्या स्वस्त मॉडेलच्या नावानं जातात. आपण कमी किमतीचा प्रोसेसर घेतो तेव्हा पुष्कळदा महाग प्रोसेसरचंच जरा कमी मार्क पडलेलं भावंड घरी आणत असतो. त्यात कमीपणा काही नाही.

वेफर इतका महाग कशानं झाला

आधुनिक वेफरवर हजाराच्या वर क्रिया होतात: थर चढवा, प्रकाशानं आकृती उमटवा, कोरा, धुवा, घासून सपाट करा, पुन्हा थर. आत गेलेला वेफर बाहेर यायला तीनेक महिने लागतात. एका पायरीत चिप टिकण्याची शक्यता ९९.९ टक्के असेल तर ऐकायला छान वाटतं, पण हजार पायऱ्यांनंतर ३७ टक्केच उरतात. ९९.९९ टक्के असेल तर ९०. दशांश चिन्हानंतरच्या त्या एका नवासाठी या धंद्यात माणसं आयुष्य घालवतात.

सगळ्यांत खर्चिक पायरी म्हणजे आकृती उमटवणं, लिथोग्राफी. २८ नॅनोमीटरपर्यंत १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशानं, भिंगाखाली पाण्याचा थर ठेवून, बहुतेक सगळे थर एकाच छापात उमटत. त्याखाली रेघा इतक्या जवळ येतात की एक आकृती दोन, तीन, चार हप्त्यांत छापावी लागते. प्रत्येक हप्ता म्हणजे आणखी मास्क (आकृतीचे साचे), आणखी कोरणं, आणि दोन छाप एकमेकांवर अचूक न बसण्याची भीती. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया याच चिखलात रुतली. २०१६ च्या आसपास यायची ती मोठ्या प्रमाणावर २०१९ मध्ये आली. तोवर जगात पहिला नंबर तैवानकडे गेला होता.

यावर तोडगा निघाला तो १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, ईयूव्ही. त्याचं यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. यंत्रात वितळलेल्या कथिलाचे बारीक थेंब सेकंदाला ५०,००० या वेगानं सुटतात, प्रत्येकावर लेझर मारून त्याचा प्लाझ्मा करतात आणि त्यातून हा प्रकाश निघतो. तो हवेत शोषला जातो, काचेतही शोषला जातो. म्हणून सगळं निर्वातात, आणि भिंगांऐवजी आरसे. उत्तमातला उत्तम आरसाही त्यातला ७० टक्केच परतवतो. दहा-अकरा आरशांची वाट चालून वेफरपर्यंत दोन-तीन टक्के पोचतो. अशा एका यंत्राची किंमत दीड हजार कोटी रुपयांच्या आसपास, आणि आणखी बारीक छापणाऱ्या नव्या हाय-एनए पिढीच्या यंत्राची तीन हजार कोटींच्या वर.

एवढे पैसे मोजूनही यील्डची कटकट सुटत नाही, ती रूप बदलते. ईयूव्हीच्या एका प्रकाशकणात जुन्या प्रकाशाच्या कणापेक्षा चौदा पट ऊर्जा असते. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेत कण चौदा पट कमी पडतात. कण मोजके असले की कुठे चार जास्त, कुठे चार कमी, असा निव्वळ योगायोग खेळू लागतो. हजारो कोटी छिद्रांत एखादं उमटतच नाही, दोन रेघा मध्येच चिकटतात. यात धूळ नाही, यंत्र बिघडलेलं नाही, चूक कोणाचीच नाही. उपाय काय? प्रकाश जास्त वेळ द्या. पण मग यंत्र तासाला कमी वेफर काढतं आणि दीड हजार कोटी कमी मालावर वाटले जातात. दोष कमी हवेत की वेफर जास्त, हा सौदा प्रत्येक थरासाठी वेगळा करावा लागतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक सौदा हाच.

ईयूव्ही न वापरता पुढे जाता येतं का? येतं. अमेरिकी निर्बंधांमुळे चीनच्या एसएमआयसीला ती यंत्रं मिळत नाहीत. तरी २०२३ मध्ये हुआवेच्या मेट ६० प्रो फोनमध्ये तिनं बनवलेली ७ नॅनोमीटर वर्गातली चिप निघाली, जुन्याच प्रकाशानं अनेक हप्त्यांत छापलेली. करता येणं आणि परवडणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढंच.

स्वस्ताई कुठे थांबली

१९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी इलेक्ट्रॉनिक्स मासिकात 'मूरचा नियम' ज्यातून आला तो प्रसिद्ध लेख लिहिला तेव्हा त्यांचा रोख लहान आकारापेक्षा खर्चावर होता. एका चिपवर किती घटक बसवले तर प्रत्येकाला सर्वांत कमी खर्च येतो, आणि तो बिंदू दरवर्षी कसा पुढे सरकतोय, हे त्यांनी दाखवलं. फार कमी घटक बसवले तर वेष्टनाचा खर्च डोईजड, फार जास्त बसवले तर यील्ड कोसळतं. आज आपण बोलतोय तेच, फक्त साठ वर्षांपूर्वी.

सीएसईटीचेच अंदाज घेतले तर २८ नॅनोमीटरचा वेफर सुमारे २,९०० डॉलरचा, ७ नॅनोमीटरचा ९,३०० चा, ५ चा १७,००० चा. म्हणजे २८ वरून ७ ला येताना वेफर तिपटीहून थोडा महागला. तेवढ्याच जागेत ट्रान्झिस्टर सुमारे सहापट बसले. फायदा झाला, पण आधीच्या वेगानं नाही. ७ वरून ५ ला जाताना वेफर जवळपास दुप्पट महागला, ट्रान्झिस्टरही जवळपास दुप्पटच बसले, म्हणजे फायदा शून्य. पिढ्यान्पिढ्या ट्रान्झिस्टर झपाट्यानं स्वस्त होत गेला, २८ नंतर तो वेग मंदावला आणि ५ पाशी थांबलाच.

त्यात चिपचे सगळे भाग सारखे आक्रसत नाहीत. प्रोसेसरच्या पोटातली स्मृती, एसरॅम, तिची एक पेशी टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरमध्ये ०.०२१ चौरस मायक्रोमीटरची होती. ३ नॅनोमीटरच्या एन३ई प्रक्रियेतही ती तेवढीच आहे. चिपचा मोठा भाग अशा स्मृतीनं व्यापला असेल तर नव्या प्रक्रियेत तो भाग तसाच राहतो, आणि त्याच चौरस मिलिमीटरला भाडं मात्र जास्त द्यावं लागतं. बाहेरच्या तारांशी बोलणारे अॅनालॉग भाग तर त्याच्याही आधीपासून आक्रसेनासे झालेत.

आराखड्याचा खर्च वेगळाच. आयबीएस या सल्लागार संस्थेचा एक अंदाज या क्षेत्रात वारंवार दाखवला जातो: २८ नॅनोमीटरची चिप आखायला सुमारे ५ कोटी डॉलर, ५ नॅनोमीटरची आखायला सुमारे ५४ कोटी. हे आकडे मला जरा फुगवलेले वाटतात, पण दिशा खरी आहे. ५४ कोटी डॉलर दहा कोटी फोनांवर वाटले तर चिपमागे जवळपास साडेपाच डॉलर. विजेच्या दहा लाख मीटरांवर वाटले तर चिपमागे ५४० डॉलर. २०२४ च्या उन्हाळ्यात बडोद्यात ज्या स्मार्ट मीटरवरून रान पेटलं होतं, त्यातली चिप दर पंधरा मिनिटांनी वाचन घेते, त्याचा हिशेब ठेवते आणि पाठवून देते. तिला ५ नॅनोमीटरवर नेणारा कंत्राटदार दिवाळखोरीत जाईल. अंतराळात जाणारी चिपही अशीच: इस्रोसाठी मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनलेला विक्रम ३२०१ हा प्रोसेसर १८० नॅनोमीटरचा आहे.

मग लोक पुढे का पळतात? विजेसाठी. नवा ट्रान्झिस्टर तेच काम कमी विजेत करतो. मोबाइलच्या बॅटरीला आणि एआयच्या डेटा सेंटरला वीजबिल चिपच्या किमतीपेक्षा जास्त टोचतं, म्हणून ते वाढीव भाव देतात. बाकीच्यांना ते परवडत नाही. ग्लोबलफाउंड्रीज या चिप बनवणाऱ्या कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचं काम सरळ बंद केलं आणि जुन्या प्रक्रियांवर धंदा चालू ठेवला. आज अगदी पुढच्या प्रक्रियेवर टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल हे तिघंच उरलेत.

मोठी चिप तोडून जोडणं

मोठ्या तुकड्याचं यील्ड कोसळत असेल तर लहान तुकडे करून नंतर जोडावेत. मूर यांच्या त्याच लेखात ही शक्यता नोंदलेली आहे. ती मोठ्या प्रमाणावर फळाला आणली एएमडी या प्रोसेसर कंपनीनं. २०१७ च्या एपिक प्रोसेसरमध्ये २१३ चौरस मिलिमीटरचे चार डाय एकत्र बसवले होते, एकूण ८५२. अखंड चिप केली असती तर जोडणीसाठीची जादा जागा वाचून ती ७७७ मध्ये मावली असती. म्हणजे सिलिकॉन जास्त लागलं, तरी एएमडीच्या हिशेबानं खर्च अखंड चिपच्या ५९ टक्केच आला. २०१९ मध्ये ते आणखी पुढे गेले. गणना करणारे गाभे ७ नॅनोमीटरवर, आणि आक्रसायला तयार नसलेले बाहेरच्या जोडणीचे भाग स्वस्त १२-१४ नॅनोमीटरवर. ज्याला नवी प्रक्रिया मानवते त्यालाच ती द्यायची.

यात यील्डचा प्रश्न पॅकेजिंगकडे सरकतो. आठ तुकडे जोडायचे आणि प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी, तरी सगळं मिळून ९२ टक्केच उतरतं. आणि इथे एक जोडणी बिघडली की बाकीचे सातही चांगले डाय तिच्याबरोबर बुडतात. म्हणून तुकडा जोडण्याआधीच चांगला आहे हे तपासून घ्यावं लागतं. गुजरातेतल्याच साणंदला मायक्रॉन आणि इतर कंपन्यांनी जे कारखाने उभारलेत ते चिप घडवत नाहीत, बाहेरून आलेल्या डायची तपासणी, जोडणी आणि वेष्टन करतात. त्याला "नुसतं पॅकिंग" म्हणून नाक मुरडणारे मला भेटतात. महागडा डाय हातात असताना शेवटच्या टप्प्यावर एक टक्का वाया घालवणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा मांडून बघावं.

धोलेऱ्याचा ताळेबंद

आता नानांच्या जुनुंकडे. चिप कारखान्यात सगळ्यांत मोठा खर्च यंत्रांची घसारा-रक्कम असतो, आणि यंत्रांची किंमत साधारण पाच वर्षांत वसूल धरतात. एक ठोकताळा करू. ९१,००० कोटी पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला १८,२०० कोटी. पूर्ण क्षमतेनं वर्षाला ६ लाख वेफर. म्हणजे नुसत्या घसाऱ्यापोटीच एका वेफरमागे ३ लाख रुपये. २८ नॅनोमीटरच्या वेफरचा बाजारभाव अडीच-पावणेतीन लाखांच्या आसपास, आणि ५५ किंवा ११० नॅनोमीटरचा त्याहून बराच कमी. पगार, वीज, पाणी, वायू अजून धरलेलेच नाहीत. (सगळे ९१,००० कोटी यंत्रांतच जात नाहीत आणि इमारत पाच वर्षांत संपत नाही. पण धंद्याचा पोत कळायला एवढं पुरे.)

तिकडे तैवानमधल्या स्पर्धकांची २८ नॅनोमीटरची पुष्कळशी यंत्रं कधीच वसूल झालेली आहेत. त्यांचा घसारा जवळपास शून्य, यील्ड दहा-बारा वर्षं मुरलेलं. चीन याच प्रक्रियांत नवे कारखाने ओततोय. म्हणून केंद्र सरकार प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा उचलतंय, आणि गुजरातच्या धोरणानुसार राज्य त्या मदतीच्या आणखी ४० टक्के देतं. मिळून ७० टक्के. तो वजा केला की वेफरमागचा घसारा ९१,००० रुपयांवर येतो. अनुदानाशिवाय हा कारखाना पहिल्या दिवशीच तोट्यात असता. अनुदान हा इथे उपकार नाही, प्रवेशशुल्क आहे.

पण ९१,००० चा हा आकडा कारखाना पूर्ण भरून चालला तरच. अर्धाच चालला तर तोच घसारा १ लाख ८२ हजार. आणि यील्ड ९० ऐवजी ६० टक्के निघालं तर चांगल्या चिपमागचा खर्च दीडपट. तंत्रज्ञान पीएसएमसीचं आहे, प्रक्रिया सिद्ध झालेली आहे, तरीही यील्ड कागदावरून उतरवून घेता येत नाही. इंटेलकडे 'हुबेहूब नक्कल' असं धोरणच आहे. एका कारखान्यात जमलेली प्रक्रिया दुसऱ्यात नेताना यंत्रं, नळ्या, मांडणी, सगळं जसंच्या तसं, कारण कशामुळे काय बिघडेल हे आधी सांगता येत नाही.

धोलेऱ्यात हवा दमट, धूळ भरपूर, समुद्र जवळ. स्वच्छ-कक्षाची गाळणी हे सांभाळून घेतील. मला जास्त काळजी विजेची वाटते. बडोद्याचा अर्धा उद्योग ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचा, त्यामुळे आमच्याकडे हा विषय निघाला की तास जातो. जपानमध्ये योक्काइचीला जून २०१९ मध्ये १३ मिनिटं वीज गेली. तिथे तोशिबा मेमरीबरोबर चालणाऱ्या कारखान्यांतला वेस्टर्न डिजिटलच्या वाट्याचा सुमारे ६ एक्साबाइट (सहाशे कोटी जीबी) स्मृतीचा माल हातचा गेला. तीन महिन्यांच्या प्रवासात असलेले वेफर मधल्या ज्या पायरीवर अडकतात तिथेच खराब होतात. दिव्यांचा झपका ज्याला आपण म्हणतो, तो इथे काही कोटींचा असतो.

राहिला कारखाना भरण्याचा प्रश्न, आणि तो यील्डइतकाच अवघड आहे. गाडीच्या इंजिनाजवळ बसणाऱ्या चिपला उणे ४० अंशांपासून १२५ अंशांच्या वरपर्यंत टिकावं लागतं. नव्या कारखान्याची चिप गाडी कंपनी लगेच घेत नाही. नमुने घेते, तापवते, गोठवते, हजारो तास चालवून बघते, आणि मग होकार देते. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. एकदा होकार आला की ते मॉडेल चालू असेपर्यंत, दहा-दहा वर्षं, पुरवठादार शक्यतो बदलत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला धोलेऱ्याला बहुधा पडद्याच्या आणि वीज-नियंत्रणाच्या चिप्सची कामं मिळतील, कमी नफ्याची पण पटकन सुरू होणारी. गाड्यांची कामं मिळायची ती त्यानंतर, आणि तोवर यंत्रं भरलेली ठेवायला कोणीतरी पदरचे पैसे घालत राहावं लागेल.